डावीकडची रांग

डाव्या कानातला इअरफोन मेलेला आहे, याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नवीकोरी वस्तू आणि पहिल्याच शनिवारी दगा. पडद्यावर लहान लहान चौकोनांत माणसं बसली होती, कुणाच्या मागे पुस्तकांचं कपाट, कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे, आणि मधल्या चौकोनातली मार्गदर्शिका, वयानं बाईंच्या मुलीपेक्षाही लहान, विचारत होती, "सगळ्यांना माझा आवाज येतोय ना?" सगळ्या चौकोनांनी माना हलवल्या. बाईंनीही हलवली. जन्मभर आपण समोरच्यांना विचारलेला प्रश्न आज कुणीतरी आपल्याला विचारतंय, याची मजा घ्यायला त्यांना सवड मिळाली नाही, कारण आवाज येत होता तो सगळा उजवीकडून. मार्गदर्शिका जणू त्यांच्या उजव्या खांद्याशी वाकून कानगोष्ट करत होती, आणि डावीकडे पोहण्याच्या तलावाच्या तळाशी असते तसली हिरवी, जड शांतता. बाईंनी तार हलवून पाहिली, फुंकर मारली, टिचकी मारली. मग गणिताच्या शिक्षिकेला शोभेल असं केलं. दोन्ही बाजूंची अदलाबदल केली. डावा उजव्या कानात, उजवा डाव्या कानात. मेलेला होता तो खणखणीत बोलू लागला. जिवंत होता तो मेला.

उत्तर इतकं सरळ होतं की सातवीतल्या पोरानंही दिलं असतं. पण माणूस दुसऱ्यांची गणितं जितक्या झटकन सोडवतो तितक्या झटकन स्वतःची सोडवत नाही. बाईंनी त्याला वेळ दिला. वर्ग संपेपर्यंत शिक्षण म्हणजे काय यावर कोण काय बोललं ते त्यांनी उजव्या बाजूनं ऐकलं, दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच इअरफोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "डावीकडचा चालत नाही." दुकानदारानं तो रुमालानं पुसून स्वतःच्या कानांत घातला, कसलंसं गाणं लावलं आणि मान डोलवत बाईंकडे बघत राहिला. त्याचं डोलणं जरा जास्तच लांबलं. "ठणठणीत आहे, मावशी." मावशी! "डावीकडचा?" बाईंनी विचारलं. "दोन्हीकडचा," तो म्हणाला आणि त्यानं एक क्षण त्यांच्याकडे असं बघितलं की बाईंनी इअरफोन त्याच्या हातातून जवळजवळ ओढलाच. "मग आमच्या फोनमध्येच खोट असणार," त्या म्हणाल्या. फोननं बिचाऱ्यानं काहीच म्हटलं नाही.

बाई म्हणजे हिशेबी बाई. कुणी कुणासाठी काय केलं, कुणाचं कुणाकडे काय राहिलं, याच्या नोंदी त्यांच्या डोक्यात पक्क्या असायच्या. शिक्षकांच्या खोलीत कोण कुणाचा तास घेतं आणि बदल्यात काय मिळवतं, कुणाचं हसणं कोणत्या कामासाठी आहे, सगळं. आणि या सगळ्या खात्यांच्या शेवटी एक खुर्ची होती. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, लवकरच निवृत्त होणार होत्या आणि त्या खुर्चीवर आपलाच हक्क आहे हे बाईंनी मनात कधीच मांडून ठेवलं होतं. पण आता नियम निघाला होता. त्या खुर्चीसाठी शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी हवी. विज्ञानाच्या बाई कालपरवा आलेल्या, त्यांच्याकडे ती होती. कानामागून आली आणि तिखट झाली. म्हणून या वयात हा ऑनलाइन अभ्यासक्रम, हा लॅपटॉप, जेवणाच्या टेबलावर दर शनिवारी दुपारी मांडायचा हा बाजार. शिफारस मोठ्या बाईंनीच केली होती, आणि अभ्यासक्रमाची पद्धत अशी की शिफारस करणाऱ्याकडे प्रत्येक गृहपाठाची प्रत जायची. पहिला गृहपाठ पहिल्याच दिवशी मिळाला. आपलाच एक तास रेकॉर्ड करा, परक्या माणसाचा असल्यासारखा ऐका, काय ऐकू आलं ते लिहा, सोबत रेकॉर्डिंग जोडा.

काय ऐकू आलं! दुकानातून घरी येताना रस्ता त्यांना चिंचोळा वाटला. उजवीकडून मोटारी, माणसं, कुणाची तरी शिटी, कुणाच्या तरी घरातलं भांडण, आणि डावीकडे झाडं, भिंती, सायकलवरून जाणारा माणूस, सगळं काचेपलीकडे ठेवल्यासारखं. हे आज झालेलं नव्हतं. हे केव्हापासून आहे याची त्यांच्याजवळ तारीख नव्हती, आणि तारीख नसणं हेच त्यांना जास्त लागलं. मुलगी अंगावर पीत होती तेव्हा एकदा त्यांना सडकून ताप आला होता, आणि त्या तापात डाव्या कानात एक बारीक शिटी सुरू झाली होती, दूर कुठेतरी चुलीवर किटली विसरून गेल्यासारखी. कितीतरी आठवडे ती किटली उकळत होती. मुलगी उजव्या खांद्यावर झोपायची आणि डावीकडे ती शिटी, असे ते पेंगुळलेले, दुधाचा वास येणारे दिवस. मग एका सकाळी शिटी थांबली. "थांबलं बाई एकदाचं," असं त्यांनी सगळ्यांना आनंदानं सांगितलं होतं. कान बरा झाला म्हणून सगळे खूश झाले. कुणालाच, त्यांनाही, असं वाटलं नाही की किटलीतलं पाणीच आटलं असेल.

घरी नवरा टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसला होता, त्याच्या नेहमीच्या खुर्चीत. ती खुर्ची डावीकडे होती. लग्नानंतरच्या पहिल्या टेबलापासून ती डावीकडेच होती, कारण खिडकीचा उजेड तिथे यायचा. बाई आपल्या जागी बसल्या, उजव्या कानावर सहज टेकल्यासारखा तळहात ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याचे ओठ हलत होते. माशासारखे. हलत होते, थांबत होते, मग पुन्हा हलत होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर उत्तराची कसलीही अपेक्षा नव्हती. पानं झडून गेलेल्या झाडाशी माणूस बोलेल तसा तो बोलत होता. बाईंनी हात काढला आणि मान वळवली.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"अहो, सांगा ना."

नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आज काय विशेष? कुंड्यांचं म्हणत होतो. माती बदलायला झालीय."

"तुम्ही अलीकडे बोलतच नाही माझ्याशी," बाई म्हणाल्या. हे त्यांना म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"मी?" तो हसला. "अगं, मी रोज बोलतो. तू 'हं' म्हणतेस. तुझा एक 'हं' ठरलेला आहे, तो मी गृहीत धरतो. नोकरी लवकर सोडू का म्हणून विचारलं, तेव्हाही 'हं' म्हणालीस. तुझ्या त्या एका 'हं'वर सोडली मी नोकरी."

"मला विचारलं होतंत?"

"इथेच. याच खुर्चीत बसून. म्हटलं, एवढ्या मोठ्या गोष्टीला हिची हरकत नाही, नशीबवान आहोत. नंतर वर्षभर तोंड फुगवून का हिंडलीस, ते काही मला कळलं नाही. म्हटलं, असेल बायकांचं काहीतरी."

न विचारता नोकरी सोडली. त्या वर्षभरात ही नोंद बाईंनी किती वेळा काढून वाचली होती! तिच्यावर केवढं व्याज चढवलं होतं! मुलीला फोनवर, बहिणीला समोर बसवून, स्वतःला आरशात, "साधं विचारलंसुद्धा नाही हो मला." त्याला मात्र कधी नाही. आता ती सगळी नोंद पुसायची, आणि पुसल्यावर त्या जागी काय लिहायचं? त्या उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो लगेच डॉक्टरांचा नंबर शोधायला लागला असता, आणि बाईंना अजून थोडा वेळ हे नुसतंच हाताळून बघायचं होतं, अंधाऱ्या खोलीत भिंतीवरून हात फिरवत जावं तसं. शाळेत जिन्याखाली एक कपाट होतं, हरवल्या-सापडल्याचं. एकेक मोजे, छत्र्या, डब्यांची झाकणं, एक चष्मा, कुणी कधीच मागायला न आलेली एक बासरी. बाईंना वाटलं, आपल्या डाव्या बाजूला असंच एक कपाट आहे. इतक्या वर्षांत त्या बाजूनं बोललेलं सगळं तिथे नीट घडी घालून कुणीतरी ठेवलेलं आहे. नवऱ्याचं कुंड्यांबद्दलचं, निवृत्तीबद्दलचं, कदाचित कधीतरी एखादं लाडाचंही. मुलगी लहानपणी डाव्या बाजूला बसून पदर ओढायची आणि मग एकाएकी ओढायची थांबायची, ते थांबण्याआधीचं. दार उघडलं तर सगळं एकदम अंगावर येईल. कोणता मोजा कोणत्या दिवसाचा, ओळखायचं कसं?

रेकॉर्डिंग त्यांनी सोमवारीच उरकलं. फोनची बॅटरी संपत आलेली, आणि वर्गात वीज मिळायची ती खिडकीखालच्या एकाच जागी, म्हणून फोन तिथे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि त्या विसरून गेल्या. अपूर्णांकांचा तास. बाईंचा तास म्हणजे घड्याळ, असं मोठ्या बाई म्हणत. वर्गात खुट्ट वाजत नसे. बाई फळ्याकडे वळल्या की मुलं तर श्वाससुद्धा बेतानं घेत, कारण बाईंना पाठीला कान आहेत अशी शाळेत आख्यायिका होती. पाठ फिरवून लिहिता लिहिता त्या खिडकीकडच्या रांगेतल्या नेमक्या पोराचं नाव घेऊन "उभा राहा" म्हणत, आणि नवीन मुलांच्या अंगावर काटा येई. बाईंना या आख्यायिकेचा फार अभिमान होता.

बुधवारी मोकळ्या तासाला, शिक्षकांच्या खोलीच्या कोपऱ्यात, उजव्या कानात इअरफोन घालून बाई परक्या बाईंचा तास ऐकायला बसल्या. पहिल्यांदा स्वतःचा आवाज आला, वाटतो त्यापेक्षा पातळ आणि घाईतला. खडूचा आवाज. मग, अगदी जवळून, फोनच्या तोंडाशीच, एक जग. खिडकीकडची रांग. बाईंना वाटायचं ती रांग शांत आहे, गुणी आहे, जरा मंद आहे. ती रांग बोलत होती. हलक्या आवाजात, भांडत, हसत, उत्तरं देत. बाई विचारत, "बारा आणि अठराचा लसावि?" आणि लगेच खिडकीकडून कुणीतरी म्हणे, "छत्तीस." बाईंचा आवाज पुढे जाई, "कुणालाच येत नाही?" मग खिडकीकडून जरा मोठ्यानं, पलीकडे फेकल्यासारखं, "ए पंडित, छत्तीस सांग!" आणि पलीकडच्या टोकाकडून पंडित, बाईंचा लाडका, ज्याला हे नाव बाईंनीच दिलं होतं, खणखणीत म्हणे, "छत्तीस, बाई!" "शाब्बास!" बाई म्हणत. किती शाब्बासक्या! बाईंनी इअरफोन दाबून धरला. वर्षानुवर्षं त्या चुकीच्या खात्यावर जमा करत आल्या होत्या, आणि ज्यांचं होतं ती मुलं कुरकुरतही नव्हती. पाणी पलीकडे पोचवायचं तर पाट काढावा लागतो, तसा त्या मुलांनी पंडित काढला होता.

आणि मग ते आलं. रेकॉर्डिंगमधल्या बाई म्हणाल्या, "कळलं ना सगळ्यांना?" नेहमीसारखा एक मोठा, लांबलचक "होऽऽ" उठला, आणि त्या 'हो'च्या खाली, वाहत्या पाण्याच्या तळाशी खडा दिसावा तसा, एका मुलीचा आवाज. "मला नाही कळलं, बाई." थोड्या वेळानं परत, "कळलं ना?" "होऽऽ" "बाई, मला नाही." ती चिडलेली नव्हती, रडवेलीही नव्हती. रोज दार वाजवून परत जाणाऱ्या माणसासारखी ती फक्त सवयीनं म्हणत होती. मग तिच्या शेजारच्या कुणीतरी, एखाद्या पाहुण्याला वाट सांगावी इतक्या साधेपणानं, तिला म्हटलं, "अगं, आत्ता नको सांगू. समोर असल्या की त्यांना नाही येत ऐकू आपल्या बाजूचं. फळ्याकडे वळल्या की सांग."

बाईंनी इअरफोन काढला. खोलीत पंखा फिरत होता, त्याचा अर्धा आवाज येत होता. पाठीला कान! फळ्याकडे वळलं की उजवा कान खिडकीकडे येतो, एवढंच. एवढं साधं गणित, आणि ते वर्गातल्या पोरांनी केव्हाच सोडवलं होतं, जुन्यांनी नव्यांना सांगितलं होतं, जशी मुतारीची वाट सांगतात, फुटकं बाक कोणतं ते सांगतात. एकानंही घरी जाऊन तक्रार केली नव्हती. एकही जण तोंडावर हसला नव्हता. बाईंना आधी संताप आला, मग लाज, आणि मग एक विचित्र सुस्ती, जशी तापात येते. कोण होती ती मुलगी? फोनच्या सगळ्यात जवळची, म्हणजे खिडकीशेजारी, तिसऱ्या बाकावर, वेणी पुढे घेऊन बसणारी. तिचा आवाज कसा आहे हे बाईंना आजवर माहीत नव्हतं. तिच्या प्रगतिपत्रकात त्यांनी लिहिलं होतं, वर्गात सहभाग नाही.

"काय हो, झाला का गृहपाठ?" मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. "मला फार उत्सुकता आहे. विज्ञानाच्या बाईंना म्हटलं मी, आदर्श तास कसा असतो ते ऐकायचं असेल तर थांबा."

"परत करतेय रेकॉर्ड," बाई म्हणाल्या. "आवाज नीट नाही आला."

"कुणाचा? तुमचा?"

"नाही. मुलांचा."

मोठ्या बाई हसल्या. "मुलांचा काय ऐकायचाय? तुमचा स्वच्छ येऊ द्या म्हणजे झालं."

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. चित्रकलेच्या सरांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनीच त्यांना मोठ्या सन्मानानं ग्रंथालयात बसवलं होतं. हार, भाषण, सगळं. सर अजून तिथे बसतात, कपाटांच्या मध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत. बाईंनी त्यांच्या निरोपाच्या भाषणात दोन वाक्यं म्हटली होती आणि मनात म्हटलं होतं, सुटले बिचारे. आता त्यांना कपाटांच्या मधली ती दुसरी, रिकामी खुर्ची दिसली. मोठ्या बाईंच्या खुर्चीइतकीच स्पष्ट.

दुसरं रेकॉर्डिंग कसं करायचं हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं. तपासणीचे तास त्यांनी अख्ख्या नोकरीत इतके रचले होते की साहेब खूश होऊनच बाहेर पडे. शुक्रवारी त्या वर्गात आल्या, दार लोटलं आणि म्हणाल्या, "आज मी जे विचारीन, त्याला सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. समजलं? आवाज बंद." वर्गात कटाचं सुख पसरलं. "बाई, तपासणी आहे?" पंडितनं विचारलं. "तसंच समज." या वेळी फोन त्यांनी आपल्या टेबलावर ठेवला असता तर बरं झालं असतं, पण बॅटरी पुन्हा संपत आली होती, आणि त्या पुन्हा खिडकीशी गेल्या. फोन ठेवताना तिसऱ्या बाकावरच्या वेणीकडे त्यांनी बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवूनच त्या घरून निघाल्या होत्या.

तास लोण्यासारखा चालला. प्रश्न, हातांचं रान, एक उजवा हात, उत्तर, शाब्बास. उन्हाचा एक तिरपा पट्टा बाकांवरून सरकत होता आणि त्यात खडूची धूळ इतकी सावकाश खाली येत होती की बाईंना वाटलं, हे सगळं आपण पाण्याखालून बघतोय. लहानपणी तलावात बुडी मारली की काठावर उभ्या असलेल्या वडिलांचं तोंड हलताना दिसायचं. पाण्याखाली किती बरं वाटायचं! आपल्याला कुणी बोलावत नाही असं धरून चालता यायचं. वर येईपर्यंत.

"एक चतुर्थांश आणि एक अष्टमांश," त्या म्हणाल्या. "मोठा कोणता?"

सगळे हात वर गेले. उजवे. पलीकडच्या रांगेत उजवे, मधल्या रांगेत उजवे, एखादा डावा दबून, कोपरात वाकलेला. आणि खिडकीशी एक डावा हात, सरळ, बोटं ताणून, सगळ्यांपेक्षा उंच. सांगितलं तसं केलं होतं तिनं. येत नसेल त्यानं डावा. या वर्गात तिला बाईंना काही सांगायची मिळालेली ती पहिलीच रीत असावी, आणि तिनं ती पुरेपूर वापरली होती.

"तू सांग," बाई म्हणाल्या.

वर्ग चपापला. "बाई, तिचा डावा आहे," मधल्या रांगेतून कुणीतरी काळजीनं कुजबुजलं.

"दिसतंय मला."

मुलगी उभी राहिली. तिचे ओठ हलले. बाईंना काहीही ऐकू आलं नाही, पण ते वाक्य बुधवारपासून त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की ओठांवर ते छापल्यासारखं वाचता आलं. पंडितला राहवलं नाही. कर्तव्य म्हणजे कर्तव्य. "एक चतुर्थांश, बाई!"

"तू गप्प," बाई म्हणाल्या. "तुला विचारलेलं नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच पंडितला कुणी गप्प केलं होतं. त्याचा हात हवेतच राहिला. बाई बाकांमधून चालत गेल्या. तिसऱ्या बाकाशी पोचल्या, शेजारच्या मुलीला सरकायला सांगितलं आणि बाकाच्या खिडकीकडच्या टोकाला बसल्या. बाक फार लहान होतं, गुडघे वर आले. खिडकीच्या कट्ट्यावर फोनचा बारीक लाल ठिपका त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. हात लांब केला असता तर तो विझला असता, आणि मोठ्या बाईंना, मार्गदर्शिकेला, त्या सगळ्या चौकोनांना घड्याळासारखा एक तास मिळाला असता. मुलगी त्यांच्या डावीकडे उभी होती. तिचे ओठ पुन्हा हलायला लागले होते.

"तिथून नको," बाई म्हणाल्या. "इकडे ये. या बाजूला. त्या कानानं मला ऐकू येत नाही."

वर्गात इतकी शांतता झाली की दोन्ही बाजू सारख्या झाल्या. मग मागच्या बाकावरून एक हलका आवाज आला, "बाई, हे पण रेकॉर्ड झालं."

"होऊ दे."

मुलगी बाकाला वळसा घालून आली. तिनं आधी वर्गाकडे बघितलं, मग बाईंकडे. मग वाकून, इतरांना कळू नये अशा बेतानं, बाईंच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. तिच्या श्वासाची ऊब लागली, केसांना तेलाचा आणि पेन्सिलीच्या भुशाचा वास होता. आवाज घोगरा होता. रेकॉर्डिंगमध्ये तो असा वाटला नव्हता.

"आठ मोठा ना, बाई? मग एक अष्टमांश लहान कसा?"

या प्रश्नाचं उत्तर बाईंच्या तोंडात नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तयार होतं, आणि ते त्यांनी असं हजारदा फेकून दिलं होतं. आता ते आलं नाही. समोर तो प्रश्न होता, पहिल्यांदाच विचारल्यासारखा, ओला. आठ मोठा, मग लहान कसा? बाईंनी डोळे मिटले आणि कान तिच्या आणखी जवळ नेला.

"परत सांग," त्या म्हणाल्या. ऐकू आलं नव्हतं म्हणून नव्हे.